फिनिश भाषेतील तमभाव आणि विभक्ती : 'सर्वांत जुन्या शहरातून' हे कसे म्हणावे?

रानवारा

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही तुर्कूहून तांपेरेला राहायला आलो. इथल्या फिनिशच्या वर्गात मागच्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःविषयी पाच वाक्ये लिहून आणायची होती. मला लिहायचे होते ते असे : 'मी फिनलंडमधल्या सर्वांत जुन्या शहरातून तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या शहरात आले.' तुर्कू हे देशातले सर्वांत जुने शहर, १८१२ पर्यंत राजधानीही तेच होते. हेलसिंकी आणि एस्पो यांच्यानंतर तांपेरेचा क्रमांक लागतो. म्हणजे वाक्य खरे होते आणि मला ते मनापासून आवडलेही होते.

'जुना' म्हणजे 'वान्हा' आणि 'सर्वांत जुना' म्हणजे 'वान्हिन', हे मला ठाऊक होते. 'मोठा' म्हणजे 'सूरि' आणि 'सर्वांत मोठा' म्हणजे 'सूरिन', हेही ठाऊक होते. शहराला 'काउपुंकि' म्हणतात आणि 'शहरातून' हे 'काउपुंगिस्ता' असे होते. विशेषणालाही नामाचीच विभक्ती लागते, हा नियम पहिल्याच महिन्यात शिकवला गेला होता. म्हणून मी 'वान्हिन'ला 'स्ता' जोडून 'वान्हिनिस्ता काउपुंगिस्ता' असे लिहिले आणि पुढे 'सूरिनिस्सा काउपुंगिस्सा' असे लिहिले. वही परत आली तेव्हा दोन्ही विशेषणांखाली पेन्सिलीने रेघ होती आणि दुसऱ्या ठिकाणी नामाखालीही होती. पुस्तकातला तक्ता मी तीनदा वाचला. त्यात 'म्म' आणि 'म्प' आलटून पालटून येतात, एका ठिकाणी तर दोन्ही नाहीसे होतात, आणि त्यामागचे सूत्र काही केल्या हाती लागत नाही. तक्ता पाठ करणे हा एकच मार्ग आहे, की मराठी माणसाला यात शिरण्यासाठी एखादी वाट आहे?

लिपीविषयी एक विनंती आहे. सगळ्यांना वाचता यावे म्हणून फिनिश शब्द देवनागरीतच लिहू या. त्या भाषेत ऱ्हस्व आणि दीर्घ यांनी अर्थ बदलतो, म्हणून साध्या 'आ'साठी 'ा' आणि लांब 'आ'साठी 'ाआ' असे लिहिते. दोन टिंबे असलेल्या 'आ'साठी आपला 'बॅट'मधला 'ॅ' अगदी नेमका बसतो.

ध्रुवतारा

रानवारा, वाट आहे, आणि ती आपल्या शाळेतल्या व्याकरणातूनच जाते. मी औलूमध्ये नऊ वर्षे राहतो आहे. पहिली दोन वर्षे मीही 'सूरिन'ला प्रत्यय चिकटवत होतो, त्यामुळे तुमची चूक कुठून आली हे मला पक्के ठाऊक आहे.

मराठीत 'देऊळ' या शब्दाला 'त' लावायचा झाला, तर आपण 'देऊळत' म्हणत नाही, 'देवळात' म्हणतो. 'पाऊस'चे 'पावसात' होते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप होते त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि मराठी मूल ते न शिकताच बोलते. फिनिशमध्येही प्रत्यय मूळ शब्दाला लागत नाही, सामान्यरूपालाच लागतो. तमभावाच्या, म्हणजे 'सर्वांत' असा अर्थ असलेल्या, विशेषणांचे सामान्यरूप प्रथमेच्या रूपापासून पुष्कळ दूर गेलेले आहे, एवढेच. 'सूरिन' हे 'देऊळ' समजा आणि 'सूरिम्मा' हे 'देवळा' समजा. मग 'सूरिम्मा' अधिक 'स्सा' म्हणजे 'सूरिम्मास्सा', सर्वांत मोठ्यामध्ये. 'सूरिम्मा' अधिक 'स्ता' म्हणजे 'सूरिम्मास्ता', सर्वांत मोठ्यातून. 'सूरिम्माल्ला', 'सूरिम्माल्ले', 'सूरिम्माक्सि' ही सगळी एकाच साच्यातली आहेत. अनेकवचनी प्रथमाही त्याच सामान्यरूपाला 'त' लावून होते : 'सूरिम्मात'.

म्हणून माझा आग्रह आहे की शब्द पाठ करताना 'सूरिन' एकटा पाठ करू नये. 'सूरिन, सूरिम्मान' अशी जोडी म्हणावी. 'सूरिम्मान' ही षष्ठी आहे, म्हणजे 'सर्वांत मोठ्याचा'. तिचा शेवटचा 'न' काढला की सामान्यरूप हाती येते. फिनिश शिकणारे सगळेच नामांच्या बाबतीत असे करतात, पण विशेषणाचा तमभाव आला की मात्र ही सवय सुटते.

तुमचे पहिले पद म्हणून असे होईल : 'वान्हिम्मास्ता काउपुंगिस्ता'.

रानवारा

मनापासून आभार. 'देवळात'मुळे अर्धे धुके उतरले. मग माझ्या दुसऱ्या पदात 'सूरिम्मास्सा काउपुंगिस्सा' हवे होते का? पण तिथे नामाखालीही रेघ आहे, आणि 'काउपुंगिस्सा' म्हणजे 'शहरात' हे तर बरोबर आहे ना?

ओवी

'शहरात' हे बरोबर आहे, पण कोणते 'शहरात', हा प्रश्न आहे. 'मी शहरात राहते' आणि 'मी शहरात आले' ही दोन वाक्ये मराठीत एकाच रूपाने चालतात. फिनिश या दोन्हींत स्पष्ट भेद करते. राहणे असेल तर 'काउपुंगिस्सा', आणि बाहेरून आत येणे असेल तर 'काउपुंकीन'. तुम्ही तांपेरेत आलात, म्हणजे इथे दुसरी विभक्ती हवी. मराठीत हा भेद प्रत्ययात नसून क्रियापदात असल्यामुळे आपल्या लोकांची ही चूक वर्षानुवर्षे टिकते. मी एस्पोमध्ये मराठी मंडळींना घरगुती पातळीवर फिनिश शिकवते, आणि प्रत्येकाच्या वहीत मला ती भेटली आहे.

आत शिरण्याच्या या विभक्तीतच 'म्म'च्या जागी 'म्प' येतो : 'सूरिम्पाआन काउपुंकीन'. आता या दोन पदांतल्या नामाकडे नीट बघा. 'वान्हिम्मास्ता काउपुंगिस्ता'मध्ये विशेषणात 'म्म' आहे आणि नामात 'ंग' आहे. 'सूरिम्पाआन काउपुंकीन'मध्ये विशेषणात 'म्प' आहे आणि नामात 'ंक' आहे. विशेषण मऊ असते तेव्हा नामही मऊ, विशेषण कडक असते तेव्हा नामही कडक. दोघांवर एकच नियम चालतो आहे. ज्यांच्या तोंडात 'काउपुंगिस्ता' आणि 'काउपुंकीन' आपोआप येतात, त्यांना 'म्म' आणि 'म्प' वेगळे शिकावे लागत नाहीत, फक्त दोन्हींतले नाते दिसावे लागते.

शब्दवेध

मी पुण्यात संस्कृत शिकवतो, आणि फिनिश हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. ओवी यांनी दाखवलेल्या मऊ आणि कडक रूपांमागचे कारण सांगतो, कारण ते कळले की तक्ता पाहण्याची गरज पुष्कळ कमी होते.

फिनिशमध्ये अक्षर स्वराने संपते की व्यंजनाने, यावर त्या अक्षराच्या आरंभीचे व्यंजन ठरते. अक्षर व्यंजनाने बंद झाले, की आरंभीचे व्यंजन सौम्य होते : 'म्प'चे 'म्म', 'न्क'चे 'न्ग', 'त'चे 'द'. 'सू-रिम-मास-सा' यात तिसरे अक्षर 'स'ने बंद आहे, म्हणून 'म्म'. 'सू-रिम-पा-ना' यात तिसरे अक्षर उघडे आहे, म्हणून 'म्प' शाबूत आहे. 'सूरिम्पाना' म्हणजे 'सर्वांत मोठा म्हणून'. हा प्रकार मराठी कानाला अगदी परका वाटू नये. 'मूल'चे 'मुलाला' होते आणि 'फूल'चे 'फुलात' होते. तिथेही प्रत्यय लागल्याने अक्षरांची मांडणी बदलते आणि तिचा परिणाम मागच्या अक्षरावर होतो. आपल्याकडे स्वराची लांबी बदलते, तिकडे व्यंजनाचा जोर बदलतो.

आता चाणाक्ष वाचक विचारतील की 'सूरिम्पाआन'चे शेवटचे अक्षर 'न'ने बंद आहे, मग तिथे 'म्प' कसा टिकला? याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या भाषेत या विभक्तीत एक 'ह' होता, म्हणजे रूप 'सूरिम्पाहान' असे होते. 'पा' हे अक्षर तेव्हा उघडे होते. पुढे 'ह' गळाला, दोन स्वर एकत्र आले, पण 'म्प' आपल्या जागी राहिला. तो 'ह' पाहायचा असेल, तर छोट्या शब्दांत तो आजही जिवंत आहे : 'माआ' म्हणजे देश आणि 'माआहान' म्हणजे देशात, बाहेरून आत. 'सूरिम्पाआन माआहान' असे एकत्र म्हणून पाहा. एका शब्दातला 'ह' गेला आहे आणि शेजारच्या शब्दातला उरला आहे. हे मला प्रथम उमगले, त्या रात्री मी आनंदाने बराच वेळ जागा होतो.

विशेषण आणि नाम यांच्या मेळाबद्दल थोडेसे. संस्कृतात विशेष्याचे जे लिंग, जे वचन आणि जी विभक्ती, तीच विशेषणाची असते, हे आपल्यापैकी अनेकांनी आठवीत घोकलेले आहे. मराठीने यातला विभक्तीचा भाग सोडून दिला. 'जुन्या शहरातून'मध्ये 'तून' एकदाच येतो आणि 'जुना' केवळ सामान्यरूपात उभा राहतो. फिनिशमध्ये लिंग नाही, पण वचन आणि विभक्ती यांचा मेळ संस्कृताइतकाच काटेकोर आहे. त्यामुळे ज्यांचे शाळेतले संस्कृत थोडे तरी शिल्लक आहे, त्यांनी इथे मराठीपेक्षा संस्कृताचा आधार घ्यावा.

मूकवाचक

हा धागा वाचूनच पहिल्यांदा लिहितो आहे. मी युकी या फिनिश भाषेच्या परीक्षेच्या मध्यम स्तराची तयारी करतो आहे, आणि माझी अडचण वेगळी आहे. तक्त्यात 'सूरिन्ता' असे एक रूप आहे, त्यात 'म्म'ही नाही आणि 'म्प'ही नाही. ते कुठून आले आणि कधी वापरायचे?

ध्रुवतारा

ते अंशवाचक विभक्तीचे एकवचन आहे, आणि वर सांगितलेल्या साच्यात न बसणारे एवढे एकच महत्त्वाचे रूप आहे. तिथे प्रत्यय स्वरान्त सामान्यरूपाला लागत नाही, व्यंजनान्त रूपाला लागतो : 'सूरिन' अधिक 'ता'. म्हणजे ज्या रूपाला प्रत्यय लावल्यामुळे रानवारा यांची चूक झाली, ते रूप इथे मात्र जसेच्या तसे दिसते. तरभावात असे होत नाही. 'अधिक मोठा' म्हणजे 'सूरेम्पि', आणि त्याची अंशवाचक विभक्ती 'सूरेम्पाआ' अशी 'म्प' ठेवून होते. परीक्षेत या दोन्हींची गल्लत हमखास होते, म्हणून 'सूरेम्पाआ' आणि 'सूरिन्ता' ही जोडी स्वतंत्रपणे पाठ करणे श्रेयस्कर आहे. अनेकवचनात मात्र 'सूरिम्पिआ' असा 'म्प' परत येतो.

वापराचे उदाहरण रेल्वेच्या तिकिटाचे घेऊ, कारण औलूहून हेलसिंकीला जाताना मला ते दर महिन्याला लागते. 'स्वस्त' म्हणजे 'हाल्पा' आणि 'सर्वांत स्वस्त' म्हणजे 'हाल्विन'. 'मी सर्वांत स्वस्त तिकीट काढले' हे 'ओस्तिन हाल्विम्मान लिपुन' असे होते. काम पूर्ण झाले, म्हणून कर्माला 'न' लागला. 'मी सर्वांत स्वस्त तिकीट काढले नाही' असे म्हणायचे असेल तर 'एन ओस्तानुत हाल्विन्ता लिप्पुआ', कारण नकार आला की कर्म अंशवाचक विभक्तीत जाते. 'मी सर्वांत स्वस्त तिकीट शोधतो आहे' यातही 'एत्सिन हाल्विन्ता लिप्पुआ', कारण शोधण्याचे काम अजून सरलेले नाही. आणि आज्ञार्थात, 'सर्वांत स्वस्त तिकीट काढ', हे चक्क 'ओस्ता हाल्विन लिप्पु' असे प्रथमेतच राहते. मराठीत या चारही वाक्यांत 'सर्वांत स्वस्त तिकीट' जराही हलत नाही. फिनिशमध्ये एका तिकिटाची तीन रूपे झाली.

ओवी

तरभाव आणि तमभाव यांच्या गल्लतीवरून माझा एक अनुभव सांगते. माझा मुलगा पाळणाघरात जाऊ लागला तेव्हा मी एका चिठ्ठीवर लिहिले होते की त्याचे आईवडील आज चार वाजता येतील. फिनिशमध्ये आईवडिलांना 'वान्हेम्मात' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'अधिक वयाचे', तरभावाचे अनेकवचन. मी 'वान्हिम्मात' लिहिले, म्हणजे 'सर्वांत वयस्क'. संध्याकाळी तिथल्या बाईंनी मला विचारले की आज आजी-आजोबा येणार होते का, कारण मुलगा दुपारपासून त्यांची वाट पाहत होता. त्याला त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली होती, आणि त्याची आजी तेव्हा नाशिकला होती. एका 'ए'च्या जागी 'इ' गेल्यामुळे चार वर्षांचे मूल खिडकीशी बसून राहिले, हे मी विसरलेली नाही. तेव्हापासून मी शिकवताना 'वान्हेम्मान' आणि 'वान्हिम्मान' ही रूपे मोठ्याने म्हणून घेते, नुसती वाचू देत नाही.

मूकवाचक

म्हणजे 'इ' दिसला की तमभाव आणि दुसरा स्वर दिसला की तरभाव, असे धरून चालावे का?

ओवी

नाही, आणि हे सांगण्यासाठीच मी पुन्हा लिहिते आहे, कारण अनेक ठिकाणी हाच नियम सोपा म्हणून दिला जातो आणि तो फसवतो. ज्या विशेषणांच्या सामान्यरूपाच्या शेवटी मुळातच 'इ' असतो, तिथे तरभावातही 'इ' दिसतो. 'काउनिस' म्हणजे सुंदर, त्याचे सामान्यरूप 'काउनी'. 'अधिक सुंदर' म्हणजे 'काउनीम्पि' आणि त्याची षष्ठी 'काउनीम्मान'. हे तमभावाचे रूप नव्हे. तमभावात मूळचा 'इ' आणि प्रत्ययातला 'इ' एकमेकांना भिडतात, तेव्हा मूळचा 'इ' बाजूला सरून 'ए' होतो : 'काउनेइन', 'काउनेइम्मान'. 'गुणी' या अर्थाच्या 'किल्त्ति' शब्दाचेही तसेच : तरभाव 'किल्तिम्पि', तमभाव 'किल्तेइन'. 'महाग' म्हणजे 'काल्लिस', आणि सर्वांत महाग म्हणजे 'काल्लेइन'. म्हणून प्रत्येक विशेषणाचे मूळ सामान्यरूप आधी आठवावे आणि मग 'इन' लावावा. जो स्वर दिसतो त्यावरून उलटे अनुमान करू नये.

ध्रुवतारा

ओवी यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला जोडून अनियमित रूपांतले सर्वांत महत्त्वाचे सांगतो. 'चांगला' म्हणजे 'ह्युवॅ', 'अधिक चांगला' म्हणजे 'पारेम्पि' आणि 'सर्वांत चांगला' म्हणजे 'पारास'. या 'पारास'ला 'इन' नाही, त्यामुळे त्याच्या सामान्यरूपात 'म्म'ही नाही. ते 'पार्हाआ' असे होते : 'पार्हाआन', 'पार्हाआस्सा', आणि आत शिरताना 'पार्हाआसेएन'. अंशवाचक विभक्ती 'पारास्ता'. घरातल्या दुधाच्या किंवा दह्याच्या डब्यावर तारखेच्या आधी 'पारास्ता एन्नेन' असे छापलेले असते, ते हेच. 'एन्नेन' म्हणजे 'पूर्वी', आणि त्या शब्दाला अंशवाचक विभक्ती लागते म्हणून तिथे 'पारास्ता' आले आहे.

शब्दवेध

ध्रुवतारा, आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. 'एन्नेन'ला अंशवाचक विभक्ती लागते हे खरे, पण ती त्याच्या नंतर येणाऱ्या शब्दाला लागते, म्हणजे इथे तारखेला. 'पारास्ता'चा 'एन्नेन'शी काही संबंध नाही. दूध, कॉफी, पाणी अशा मोजून न घेता येणाऱ्या वस्तूंविषयी विधान करताना विधेय विशेषण अंशवाचक विभक्तीत जाते. 'दूध चांगले आहे' हे 'माइतो ओन ह्युवॅॲ' असे होते, 'ह्युवॅ' असे नव्हे. त्याचाच तमभाव 'पारास्ता'. डब्यावरच्या मजकुराचा अर्थ 'या तारखेपूर्वी सर्वोत्तम असते' असा आहे, वाक्यातले कर्ता आणि क्रियापद तेवढे गाळले आहेत. मात्र 'ही सर्वांत चांगली कॉफी आहे' असे एका विशिष्ट कॉफीकडे बोट दाखवून म्हटले, तर तिथे 'पारास काह्वि' असे प्रथमेतच येते.

ध्रुवतारा

मान्य आहे. मी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या, आणि इतकी वर्षे तो डबा हातात घेऊनही मला हे दिसले नव्हते. दुरुस्तीबद्दल आभार.

'वॅहिन्तॅॲन' म्हणजे किमान आणि 'एनिन्तॅॲन' म्हणजे कमाल, हे फलकांवर रोज दिसणारे शब्दही तमभावाच्या अंशवाचक रूपापासूनच गोठून तयार झालेले आहेत. त्यांत 'न्त' कुठून आला, हे आता सगळ्यांना कळले असेल.

रानवारा

माझ्या वाक्यातला एक तुकडा अजून राहिला आहे. 'तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या शहरात' यातल्या 'तिसऱ्या'ला कोणती विभक्ती लावायची? मी तिथे मोकळी जागा सोडली होती.

शब्दवेध

फिनिशमध्ये 'क्रमांकाने तिसरा मोठा' असे न म्हणता 'तिसरा होईल असा सर्वांत मोठा' अशी रचना करतात. क्रमवाचक शब्द 'होण्या'च्या विभक्तीत जातो आणि तिथेच थांबतो : 'तोइसेक्सि सूरिन' म्हणजे दुसरा मोठा, 'कोल्मान्नेक्सि सूरिन' म्हणजे तिसरा मोठा. पुढे विशेषण आणि नाम कोणत्याही विभक्तीत जावोत, 'कोल्मान्नेक्सि' जागचे हलत नाही. 'कोल्मान्नेक्सि सूरिम्मास्सा काउपुंगिस्सा', 'कोल्मान्नेक्सि सूरिम्पाआन काउपुंकीन'. संस्कृताच्या सवयीने सगळ्याच शब्दांना विभक्ती लावण्याचा मोह होतो, तो इथे आवरायचा.

असाच न हलणारा दुसरा शब्द 'काइक्केइन'. 'सर्वांत' या मराठी शब्दाला तोच जवळचा असल्यामुळे आपली माणसे प्रत्येक तमभावापुढे तो लावतात. व्याकरणाने ते चूक नाही, पण फिनिश कानाला तो जोर देण्याचा शब्द वाटतो, आपल्या 'अगदी सर्वांत'सारखा. मराठीत तमभावाचा स्वतःचा प्रत्यय उरलेला नाही. 'उच्चतम', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ' हे संस्कृताकडून तयार आलेले शब्द आहेत, आणि बोलताना आपण 'सर्वांत' किंवा 'सगळ्यात' यांवरच काम भागवतो. त्यामुळे 'सूरिन' या एका शब्दात 'सर्वांत' आधीच आलेले आहे, हे मनाला पटायला वेळ लागतो. कोणांतला सर्वांत मोठा, हे सांगायला षष्ठी पुरते : 'सुओमेन सूरिन यॅर्वि', फिनलंडचे सर्वांत मोठे सरोवर, म्हणजे साइमा.

ओवी

'पैकी एक' हेही इथेच सांगून टाकते. 'इनारी हे फिनलंडमधल्या सर्वांत मोठ्या सरोवरांपैकी एक आहे' याला 'युक्सि सुओमेन सूरिम्मिस्ता यॅर्विस्तॅ' असे म्हणतात. आपल्या 'पैकी'चे काम 'तून'ची विभक्ती अनेकवचनात करते. अनेकवचनाचा 'इ' आला की सामान्यरूपाचा शेवटचा 'आ' गळतो, म्हणून 'सूरिम्मास्ता'चे 'सूरिम्मिस्ता'. बाकी मऊ-कडकचा नियम तोच : 'सूरिम्मिस्सा', पण 'सूरिम्पिएन' आणि 'सूरिम्पीन'. षष्ठीच्या अनेकवचनाला 'सूरिन्तेन' असे दुसरेही रूप आहे. ते वाचताना ओळखता आले तरी पुरे.

आणि 'सूरिन ओसा' विसरू नका. शब्दशः 'सर्वांत मोठा भाग', पण खरा अर्थ 'बहुतांश'. हवामानाच्या बातम्यांत 'सूरिम्मास्सा ओसास्सा माआता' ऐकू येते, ते 'देशाच्या बहुतांश भागात'. बातम्या ऐकताना हे पद कानावर पडले की थांबून एकदा म्हणावे. विशेषण आणि नाम दोन्ही एकाच विभक्तीत कसे चालतात, याचा त्याहून सोपा सराव मला माहीत नाही. तसेच दर मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो. २०१८ ते २०२५ या प्रत्येक वर्षी फिनलंड त्यात पहिला राहिला आहे. त्या आठवड्यातले मथळे जमवले तर 'माआइल्मान ओन्नेल्लिसिन माआ', म्हणजे जगातला सर्वांत आनंदी देश, हे पद हाती लागते. 'ओन्नेल्लिसिम्मास्सा माआस्सा', 'ओन्नेल्लिसिम्पाआन माआहान' ही त्याची रूपे आपण घरी करून पाहावीत.

ध्रुवतारा

बाहेरच्या विभक्तींचा, म्हणजे 'वर', 'वरून' अशा अर्थांच्या रूपांचा, सराव करायचा असेल तर डोंगराकडे चला. 'सुओमेन कोर्केइन कोह्ता' म्हणजे फिनलंडमधली सर्वांत उंच जागा. ती हाल्ती डोंगराच्या उतारावर १३२४ मीटर उंचीवर आहे. डोंगराचे शिखर मात्र सीमेपलीकडे नॉर्वेत आहे. ज्याचा माथा फिनलंडच्या हद्दीत आहे असे सर्वांत उंच शिखर १३१७ मीटरचे आणि निराळे आहे, म्हणून 'सर्वांत उंच जागा' आणि 'सर्वांत उंच शिखर' यांची उत्तरे वेगळी येतात. २०१७ मध्ये फिनलंडच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त हद्द थोडी सरकवून तो जमिनीचा तुकडा भेट द्यावा, अशी मागणी नॉर्वेतल्या नागरिकांनी केली होती. तिथल्या सरकारने राज्यघटनेकडे बोट दाखवून ती नाकारली.

व्याकरणापुरते सांगायचे तर 'कोर्केइम्माल्ला कोह्दाल्ला' म्हणजे सर्वांत उंच जागेवर, 'कोर्केइम्माल्ता' म्हणजे तिथून आणि 'कोर्केइम्माल्ले' म्हणजे तिथे चढून. 'वर'च्या या तिन्ही विभक्तींत अक्षर बंद होते, म्हणून तिन्हींत 'म्म', आणि शेजारच्या नामात 'त'चा 'द' झालेला आहे. एकवचनात 'म्प'ची धास्ती 'आत शिरण्या'पुरती आणि 'म्हणून'पुरतीच आहे.

रानवारा

आज वर्गात पूर्ण वाक्य लिहिले : 'मूतिन सुओमेन वान्हिम्मास्ता काउपुंगिस्ता कोल्मान्नेक्सि सूरिम्पाआन काउपुंकीन.' कुठेही रेघ आली नाही.

पुढच्या वेळी अनेकवचन आहे. मी लिहिले आहे : 'सुकुलाइसेनि आसुवात सुओमेन सूरिम्मिस्सा काउपुंगेइस्सा', म्हणजे माझे नातलग फिनलंडमधल्या सर्वांत मोठ्या शहरांत राहतात. यातले 'काउपुंगेइस्सा' मी शब्दकोशात पाहून लिहिले. 'काउपुंकि'चा शेवटचा 'इ' अनेकवचनाच्या 'इ'ला भिडला आणि त्याचा 'ए' झाला, असे मला वाटते. ओवीताई, 'किल्त्ति'चे 'किल्तेइन' होताना झाले ते हेच का?

ओवी

हो, हेच. वाक्य जसे आहे तसे द्या.